एकाच मूळ मजकुरातून ऑनलाइन हेल्प आणि छापील मॅन्युअल: तुम्ही कसं करता?

टाकबोरू

आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याचं मॅन्युअल दोन रूपांत द्यावं लागतं, एक वेबवर आणि एक छापील. छापील कशाला, तर हे सॉफ्टवेअर चालतं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सर्व्हरला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नसतं. रात्री काही बंद पडलं तर ड्यूटीवरच्या माणसाला शेजारी उघडं ठेवता येईल असं पुस्तकच लागतं. त्यामुळे पुस्तक बंद करणं हा पर्याय आमच्यापुढे नाही.

आज वेबचा मजकूर एका जागी आहे आणि पुस्तकाची वर्ड फाइल दुसऱ्या जागी. दोन्हींची सुरुवात एकाच मजकुरातून झाली होती, पण पुढे दर रिलीजला दोन्हीकडे वेगवेगळे हात फिरत गेले. बॅकअप परत चढवण्याचं प्रकरण घ्या. वेबवर त्यात पाच पायऱ्या आहेत, पुस्तकात चार. पुस्तकातून गळलेली पायरी आहे "आधी सेवा बंद करा". ती ज्याला सगळ्यात जास्त लागणार, तो नेमका पुस्तक वाचत असतो.

प्रूफं वाचून आणि ताडून बघून हे सुटणार नाही, असं माझं ठाम मत झालंय. प्रती दोन असल्या की कितीही काळजी घ्या, त्या वेगळ्या होतातच. मूळ मजकूर एकच हवा आणि वेब व पुस्तक दोन्ही त्यातून यंत्रानं तयार व्हायला हवीत.

डॉकबुक, डिटा, स्फिंक्स, अॅस्कीडॉक, पॅनडॉक अशी मूळ मजकुरातून वेबपानं आणि पुस्तक काढायची बरीच साधनं चाळून झाली आहेत. एकदा लिहा आणि हवं त्या रूपात काढा, हा दावा सगळ्यांचाच आहे. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. वेबला आणि पुस्तकाला वेगळं काही सांगायचं असेल तर ते कुठे आणि कसं लिहिता? "अमुक पान पाहा" हे कसं जमवता? तयार होणारं पुस्तक खरंच पुस्तकासारखं वाचता येतं का, की वेबपेजं एकामागून एक छापल्यासारखं वाटतं? आमची टीम लहान आहे आणि लिहिणाऱ्यांतले दोघे प्रोग्रामर नाहीत, हेही लक्षात घेऊन सांगा.

जुनाखिळा

चांगला विषय काढलात. हा प्रश्न जवळजवळ युनिक्सइतकाच जुना आहे, त्यामुळे त्याची उत्तरंही मुरलेली आहेत.

१९७०च्या दशकात युनिक्सवर मजकुराची मांडणी करणाऱ्या एनरॉफ आणि टीरॉफ या प्रोग्रामांची जोडी होती. फाइल तीच. एनरॉफमधून काढली की टर्मिनलवर वाचता येणारा साधा मजकूर मिळायचा, टीरॉफमधून काढली की फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रासाठी, नीट जुळणी केलेलं पान. दोन्हींत फरक करायचा असेल तर फाइलमध्येच अट घालायची सोय होती: ही ओळ फक्त "एन"साठी, ही फक्त "टी"साठी. मॅन पेजेस, म्हणजे युनिक्सवर आज्ञांची माहिती देणारी पानं, आजही त्याच कुळातली आहेत.

पुढे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं मॅन्युअल लिहिण्यासाठी टेक्सइन्फो आणलं. तुमच्या "अमुक पान पाहा"चं उत्तर त्यात फार सुंदर आहे. क्रॉस-रेफरन्सच्या आज्ञेत लेखक एवढंच सांगतो की वाचकाला अमुक विभागाकडे पाठवायचंय. टेकमधून, म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रोग्राममधून, छापलं की त्या जागी विभागाचा क्रमांक, नाव आणि पानाचा क्रमांक येतो. एचटीएमएल काढलं की त्याच जागी नुसता दुवा येतो, पानाचा उल्लेखही नसतो. लेखकाच्या फाइलमध्ये पान क्रमांक कुठेच लिहिलेला नसतो.

माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा गाभा हाच आहे. लेखकानं हेतू लिहायचा आणि त्याचं रूप त्या-त्या माध्यमाच्या साधनानं ठरवायचं. मूळ मजकुरात "ठळक, १४ पॉइंट, मध्यभागी" असं काही आलं की तो मजकूर एका माध्यमाला बांधला गेला. "ही धोक्याची सूचना आहे" असं लिहिलंत तर वेबवर ती रंगीत चौकटीत दाखवता येते, पुस्तकात जाड रेघेत आणि टर्मिनलवर ठळक शीर्षकाखाली.

घाईत

मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच थोड्या खुणा) लिहा, पॅनडॉकमधून एचटीएमएल आणि पीडीएफ काढा. दोन्ही फुकट, शिकायला अर्धा तास. एवढ्यासाठी डिटा वगैरे कशाला?

समासरेषा

घाईत, तुमची सूचना छोट्या मॅन्युअलला चालते. पॅनडॉक मलाही फार आवडतं. २००६ पासून चाललेला प्रकल्प आहे आणि मधल्या टप्प्यावर मजकुराची रचना झाडासारखी धरून ठेवत असल्यामुळे त्याच्यावर फिल्टर लावता येतात. अडचण मार्कडाउनची आहे. २००४ साली ते वेबसाठी लिहायची सोपी पद्धत म्हणून आलं. "ही सूचना आहे", "हे मेनूतलं नाव आहे", "ही निर्देशसूचीतली नोंद आहे" हे सांगायला मूळ मार्कडाउनमध्ये जागाच नाही. मग प्रत्येक साधन आपापली भर घालतं आणि तुमचा मजकूर त्या भरीला बांधला जातो. दोनशे पानांच्या पुस्तकात आकृत्यांचे क्रमांक, विभागांचे संदर्भ आणि निर्देशसूची लागतेच. तिथे हे सगळं जोडकामानं उभं करावं लागतं.

टाकबोरू, साधन कुठलं हे थोडं बाजूला ठेवून लिहिण्याबद्दल सांगतो, कारण माझ्या अनुभवात बहुतेक टीम तिथेच अडतात.

"वरील तक्ता", "खालील चित्र", "डावीकडचं बटण दाबून पुढच्या पानावर जा" ही वाक्यं आधी शोधून काढा. छापताना चित्र पुढच्या पानावर सरकतं आणि मोबाइलवर डावीकडचं वर जातं. तक्त्याला लेबल द्या आणि लेबलनं बोलवा. "इथे क्लिक करा" हे तर पुस्तकात निरर्थकच आहे. वाक्य असं लिहा की दुवा काढून टाकला तरी ते पूर्ण राहील: "सेवा बंद करण्याची पद्धत बॅकअपच्या प्रकरणात दिली आहे." वेबवर त्यातले शेवटचे शब्द दुवा होतील, कागदावर पुढे पान क्रमांक येईल.

रंगाचंही तसंच. "लाल ओळी म्हणजे त्रुटी" असं लिहिलेलं पुस्तक काळ्या शाईत छापलं की संपलं. रंगासोबत शब्द किंवा खूण हवीच. रंग ओळखायला अडचण येणाऱ्या वाचकाला वेबवरही ती लागते.

कोडच्या ओळींची लांबी हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग. वेबवर लांब ओळ आडवी सरकते, कागद सरकत नाही. गणित साधं आहे. ए-४ पान ५९५ पॉइंट रुंद असतं. दोन्ही बाजूंना एकेक इंच समास सोडला, म्हणजे ७२ आणि ७२ पॉइंट, की ४५१ उरतात. कुरियरसारख्या फॉन्टात प्रत्येक अक्षर त्याच्या आकाराच्या ०.६ पट रुंद असतं. १० पॉइंटला ओळीत ७५ अक्षरं बसतात, ९ पॉइंटला ८३. मूळ मजकुरातच ७२ अक्षरांची मर्यादा घाला, म्हणजे प्रश्नच येत नाही. शेलची लांब आज्ञा बॅकस्लॅश देऊन योग्य जागी तोडा. तशी तोडलेली आज्ञा वेबवरून कॉपी करून चालवली तरी चालते. स्फिंक्सच्या पीडीएफमध्ये लांब ओळ आपोआप तुटते आणि तिथे बाणाची खूण येते, पण ती कधी मोकळ्या जागी तुटते, कधी एखाद्या चिन्हापाशी. पुस्तकात बघून आज्ञा टाइप करणाऱ्याला तिथे मोकळी जागा होती की नव्हती हे कळत नाही.

स्क्रीनशॉटसाठीही वरचीच रुंदी धरा. ४५१ पॉइंट म्हणजे सव्वासहा इंच. ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र तेवढ्या जागेत ताणलं तर इंचाला ९६ पिक्सेल मिळतात, कागदावर अक्षरं धूसर दिसतात. १२०० पिक्सेल असेल तर १९२, वाचायला पुरेसं. आकृत्या मात्र व्हेक्टरमध्येच, म्हणजे मोठं केलं तरी धूसर न होणाऱ्या रूपात, ठेवा, एसव्हीजी आणि पीडीएफ. स्फिंक्समध्ये चित्राच्या नावापुढे प्रकाराच्या जागी तारा दिला की एचटीएमएलला एक आणि लाटेकला (टेकवर उभं असलेलं, पीडीएफ काढणारं साधन) दुसरं असं ते स्वतः निवडतं.

निळीशाई

समासरेषांच्या सगळ्या सूचना पटल्या. मला एकूण कल्पनेबद्दलच एक हरकत नोंदवायची आहे.

वेबचा वाचक सर्च करून अधल्यामधल्या पानावर येतो. त्याला आधीचं काही माहीत नसतं, म्हणून प्रत्येक पान स्वतंत्रपणे उभं राहावं लागतं. पुस्तकाचा वाचक आधीचं पान वाचून आलेला असतो. एकच मजकूर दोघांना दिला की दोहोंपैकी एकाची गैरसोय होते. अशा पद्धतीनं तयार झालेली पुस्तकं मी वाचली आहेत. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला तीच ओळख: "या विभागात आपण अमुक पाहू. त्यासाठी तमुक बसवलेलं असणं आवश्यक आहे." वीस विभागांत वीस वेळा. असं पुस्तक कुणी सलग वाचणार नाही. पुस्तक लिहिणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते स्वतंत्रपणेच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

टाकबोरू

निळीशाई, तुमचा मुद्दा खरा आहे. मात्र स्वतंत्र पुस्तक लिहायला स्वतंत्र माणूस लागतो, आणि दर रिलीजला लागतो. तो नसला की "सेवा बंद करा" गळतं. वाचायला थोडं कंटाळवाणं पण बरोबर असलेलं पुस्तक मी ओघवत्या पण चुकीच्या पुस्तकापेक्षा केव्हाही पत्करेन.

समासरेषा

निळीशाईंची हरकत मी गंभीरपणे घेतो, कारण तशी पुस्तकं मीही पाहिली आहेत. पण तो दोष सगळं एका जागी ठेवण्याचा नाही, तुकडे कसे पाडले त्याचा आहे.

सलग समजावून सांगायचा भाग आणि पायऱ्यांचा भाग वेगळे ठेवा. "बॅकअप म्हणजे इथे नेमकं काय होतं" हे प्रकरणाच्या तोंडाशी, सलग गद्यात, एकदाच. पुढचे पायऱ्यांचे विभाग कोरडे आणि स्वयंपूर्ण. वेबवर मधूनच आलेल्या वाचकाला पायऱ्या मिळतात आणि वर एक दुवा मिळतो. पुस्तकाचा वाचक प्रकरण सुरुवातीपासून वाचतो. "या विभागात आपण पाहू" ही वाक्यं दोन्हीकडून सरळ काढून टाका, शीर्षकानं ते आधीच सांगितलेलं असतं. "तमुक बसवलेलं हवं" ही पूर्वअट वेगळा घटक म्हणून खुणावून ठेवलीत, तर पुस्तकाच्या रूपात ती प्रकरणाच्या सुरुवातीला एकदाच छापायची हे स्टाइलशीट, म्हणजे रूप ठरवणारी फाइल, ठरवू शकते.

तिढा

मी बरीच वर्षं डिटामध्ये काम करतो, म्हणून त्या बाजूनं लिहितो. डिटा आयबीएममध्ये तयार झालं, २००४ साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २००५ मध्ये त्याची १.० आवृत्ती मानक म्हणून आली. समासरेषा म्हणताहेत तीच विभागणी त्याच्या पायात आहे: संकल्पना, कृती आणि संदर्भ हे विषयाचे वेगवेगळे प्रकार. कृतीच्या विषयात पायऱ्या पायऱ्यांच्या टॅगमध्येच लिहाव्या लागतात. विषय कुठल्या क्रमानं यायचे हे विषयांत लिहिलेलं नसतं, वेगळ्या नकाशा-फाइलमध्ये असतं. वेबचा नकाशा एक आणि पुस्तकाचा दुसरा, विषय मात्र तेच.

एखादं वाक्य दहा ठिकाणी लागत असेल, उदाहरणार्थ धोक्याची सूचना, तर ते एका जागी लिहून बाकी नऊ ठिकाणी संदर्भानं ओढता येतं. सूचना बदलली की सगळीकडे बदलते.

आता ज्याची काळजी घ्यायला हवी ते. प्रत्येक घटकाला वाचक, प्लॅटफॉर्म, उत्पादन असे गुणधर्म लावून बिल्डच्या, म्हणजे मूळ मजकुरातून रूपं तयार करण्याच्या, वेळी गाळणी लावता येते. हे एवढं सोपं आहे की माणसं लावत सुटतात. तीन गुणधर्म आणि प्रत्येकाच्या दोन किमती घेतल्या की एकाच मजकुराची आठ रूपं होतात. चौथा गुणधर्म आला की सोळा. सोळाही रूपं कुणी वाचून बघतं का? अर्ध्या वाक्यावर अट लावलेली असते आणि एका रूपात क्रियापदच गायब होतं. तसं पान मी ग्राहकाच्या हातात गेलेलं पाहिलंय. आमच्याकडे आता नियम आहे: अट पूर्ण परिच्छेदाला किंवा पूर्ण पायरीला लावायची, वाक्याच्या आत कधीच नाही. वेब आणि छपाई एवढ्याच भेदासाठी तर जवळजवळ कधीच नाही. तो भेद स्टाइलशीटचं काम आहे.

तुमच्या टीमसाठी डिटा सुचवेन का? नाही. एकाच कुळातली अनेक उत्पादनं आणि अनेक भाषांतरं असतील तर त्याचा खर्च भरून निघतो. एक उत्पादन आणि लहान टीम असेल तर टॅग सांभाळण्यातच शक्ती जाईल.

हत्तीचं_पान

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन कसं तयार होतं ते सगळ्यांनी एकदा बघावं असं वाटतं. मूळ मजकूर डॉकबुकमध्ये आहे आणि प्रोग्रामच्या कोडसोबत त्याच भांडारात राहतो. त्यातून वेबवरची पानं निघतात, मॅन पेजेस निघतात आणि पीडीएफही, ए-४ आणि यूएस लेटर अशा दोन आकारांत. अलीकडच्या आवृत्त्यांची पीडीएफ अडीच हजारांहून जास्त पानांची आहे.

त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग वेगळाच आहे. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे त्या डेटाबेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्राममध्ये, बॅकस्लॅश-एच आणि पुढे एसक्यूएलची आज्ञा टाइप केली की तिची मांडणी टर्मिनलवर दिसते. ती मांडणी कुणी वेगळी लिहिलेली नाही. बिल्डच्या वेळी एक पर्ल स्क्रिप्ट डॉकबुकमधली संदर्भाची पानं वाचते, त्यातला मांडणीचा भाग उचलते आणि त्याचा सी कोड तयार करते. तोच प्रोग्राममध्ये जातो. म्हणजे आज्ञेत नवा पर्याय आला आणि लेखकानं तो एका जागी लिहिला की वेब, पुस्तक, मॅन पेज आणि चालू प्रोग्रामच्या आतली मदत, चौघेही एकच सांगतात. टाकबोरूंना जे हवंय त्याच्याही हे एक पाऊल पुढे आहे.

उलट दिशेनंही करता येतं. ग्नूचं हेल्पटूमॅन हे साधन प्रोग्रामला त्याची मदत विचारतं आणि त्या उत्तरातून मॅन पेज तयार करतं. आज्ञांच्या पर्यायांचा तक्ता हातानं टाइप करणं कुणावर येऊच नये.

घाईत

पण मग पोस्टग्रेएसक्यूएलसारखं डॉकबुकच का नको? जुनं आहे, पक्कं आहे.

जुनाखिळा

पक्कं आहेच. १९९१ पासूनचं, आधी एसजीएमएल, मग एक्सएमएल या टॅगांच्या भाषांत. अर्थाच्या खुणा त्याच्याइतक्या समृद्ध क्वचितच कुठे सापडतील. पण हातानं टॅग लिहिणं नव्या माणसाला जड जातं. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशन २०१६ साली डॉकबुकवरून स्फिंक्सकडे वळायला लागलं आणि फ्रीबीएसडीचं २०२१ साली अॅस्कीडॉककडे गेलं. मजकुराला हात लावणारी माणसं वाढवायची असतील तर लिहायची पद्धत साध्या मजकुराजवळची हवी. टाकबोरूंकडे प्रोग्रामर नसलेले दोघे आहेत, त्यांच्यासाठी रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट (स्फिंक्सची लिहिण्याची पद्धत) किंवा अॅस्कीडॉक हा योग्य मध्य वाटतो. दोन्हींत सूचना, संदर्भ, निर्देशसूची आणि तक्ते मुळातच आहेत. पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन आधी लाटेकमध्ये होतं. ते रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणताना त्याच्यासाठी म्हणूनच स्फिंक्स घडलं, २००८ साली.

वेलांटी

मॅन्युअल देवनागरीतही काढायचं असेल तर साधन निवडण्याआधीच एक चाचणी करा, नाहीतर शेवटच्या टप्प्यावर अडकाल. एचटीएमएल कधीच त्रास देत नाही, कारण अक्षरांची जुळणी ब्राउझर करतो. सगळा त्रास पीडीएफमध्ये होतो.

जुळणीचं इंजिन नसलेलं साधन ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न नेता मागेच ठेवतं आणि जोडाक्षरं हलंतानं फोडून दाखवतं. "स्थिती", "विद्यार्थ्यांच्या", "कार्यान्वित" असे चार शब्द एका ओळीत लिहून पीडीएफ काढा, लगेच कळेल. अॅस्कीडॉकवर चालणाऱ्या अॅस्कीडॉक्टरचं थेट पीडीएफ काढणारं साधन प्रॉन या लायब्ररीवर उभं आहे आणि तिला अशी जुळणी येत नाही. तिथे एचटीएमएलमधून किंवा डॉकबुकमधून वळसा घ्यावा लागतो. डॉकबुकची पीडीएफ काढायला वापरतात त्या अपाचे एफओपीला हे १.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून येतं. लाटेकच्या इंजिनांपैकी पीडीएफलाटेकच्या वाटेला जाऊ नका. झीलाटेक घ्या, युनिकोड आणि देवनागरी फॉन्ट ते व्यवस्थित हाताळतं. स्फिंक्सच्या सेटिंगमध्ये लाटेकचं इंजिन बदलायला एक ओळ पुरते.

आणखी एक. पीडीएफ डोळ्यांना बरोबर दिसली म्हणून थांबू नका. त्यातला एक परिच्छेद कॉपी करून साध्या एडिटरमध्ये चिकटवा आणि एक शब्द शोधून बघा. दिसायला शुद्ध असलेल्या पीडीएफमधून बाहेर भलतीच अक्षरं पडतात, असं देवनागरीत फार वेळा होतं. मग तीत शोधताही येत नाही.

निळीशाई

एक पर्याय राहिला. लाटेकशिवाय, एचटीएमएलमधूनच छपाई. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, छापील पानांसाठी वेगळे नियम आहेत: पानाचा आकार, डाव्या-उजव्या पानाचे वेगळे समास, पानाच्या माथ्यावर चालू प्रकरणाचं नाव. दुवा ज्या जागी जातो तिचा पान क्रमांक दुव्यापुढे छापायलाही नियम आहे. प्रिन्स किंवा वीझीप्रिंट ही साधनं हे नियम पाळतात. वीझीप्रिंट पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीवर चालतं, त्यामुळे वेलांटी म्हणताहेत ती जुळणीही बरोबर होते. ब्राउझरच्या प्रिंट बटणावर मात्र विसंबू नका, पान क्रमांकांचे संदर्भ तिथे मिळत नाहीत.

याचा फायदा असा की वेबचं रूप सांभाळणारा माणूसच पुस्तकाचंही सांभाळू शकतो. लाटेक जाणणारा माणूस मिळणं सोपं नाही. तोटा म्हणजे परिच्छेदाच्या ओळी कुठे तोडायच्या यात टेक अजून सरस आहे, ते पूर्ण परिच्छेद एकत्र तोलून बघतं. बारीक नजरेला फरक दिसतो.

माझी पहिली हरकत मी पूर्ण मागे घेत नाही. प्रस्तावना आणि पहिलं "ओळख" प्रकरण तरी पुस्तकासाठी कुणीतरी मन लावून वेगळं लिहावं. बाकीच्याला माझी ना नाही.

समासरेषा

ते मान्य. तेवढं वेगळं ठेवण्यासारखंच आहे.

बिल्डबद्दल लिहायचं राहिलं. पुस्तक फक्त रिलीजच्या आधी काढायचं अशी पद्धत ठेवलीत तर ते रिलीजच्या आदल्या दिवशी हमखास मोडलेलं सापडेल. मजकुरात होणाऱ्या प्रत्येक बदलाला वेब आणि पीडीएफ दोन्ही बिल्ड व्हायला हवेत. स्फिंक्सला इशारे त्रुटी म्हणून धरायला सांगता येतं, म्हणजे एखादं लेबल सापडलं नाही की बिल्ड थांबतं. बाहेरचे दुवे तपासायचीही सोय आहे, ते काम रात्रीच्या बिल्डला लावा. उदाहरणांचा कोड मजकुरात चिकटवू नका. चाचण्यांमध्ये चालणाऱ्या खऱ्या फाइलमधून दोन खुणांमधला भाग ओढून घ्या. उदाहरण मोडलं तर चाचणी मोडेल आणि ते वाचकाआधी तुम्हाला कळेल.

छापील पुस्तक कपाटात वर्षानुवर्षं राहतं. म्हणून सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रत्येक पानाच्या तळाशी यायला हवी, फक्त मुखपृष्ठावर नको, कारण माणसं एखाद्या प्रकरणाचीच झेरॉक्स काढून भिंतीला लावतात. आवृत्तीचा क्रमांक एका चलात ठेवा आणि सगळीकडे तिथूनच येऊ द्या. पुस्तकात छापलेले वेब पत्तेही आवृत्तीसह आणि टाइप करता येतील इतके छोटे ठेवा. कागदावरचा पत्ता नंतर बदलता येत नाही.

तिढा

निर्देशसूचीबद्दल कुणी जास्त बोललं नाही. वेबवर सर्च असल्यामुळे ती नको वाटते, पण पुस्तकात तीच सर्च आहे. आणि सर्चला जे जमत नाही ते ती करते: वाचकाच्या तोंडी असलेल्या शब्दावरून तुमच्या शब्दाकडे नेते. वाचक "रिस्टोअर" शोधेल, तुम्ही "परत चढवणे" लिहिलंय. नोंद लिहिणाऱ्यानं दोन्ही शब्द द्यायचे. त्याच नोंदी वेबच्या सर्चला की-वर्ड म्हणून पुरवल्या तर तिकडेही उपयोग होतो. टेक्सइन्फोमध्ये संकल्पना, फंक्शन, चल, कळा, प्रोग्राम आणि डेटा-प्रकार अशा सहा वेगळ्या सूची मुळातच आहेत. तुम्हाला दोन पुरतील, एक आज्ञांची आणि एक बाकी सगळ्याची. नोंदी मजकूर लिहितानाच घाला, नंतर घालू म्हणून ठेवलेल्या कधीच होत नाहीत.

टाकबोरू

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

स्फिंक्स आणि झीलाटेक असं ठरवतोय. बॅकअपचं प्रकरण आधी घेणार, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडू शकते. वेब आणि पुस्तक शेजारी ठेवून एकच मजकूर करायचा, "वरील-खालील" काढायचे, आज्ञा ७२ अक्षरांत बसवायच्या. ते प्रकरण दोन्ही रूपांत समाधानकारक निघालं की जुनी वर्ड फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवणार, म्हणजे तिच्यात कुणी परत बदल करणार नाही.

एक शंका उरली. वेबवर आमच्याकडे नेहमीच्या प्रश्नांचा विभाग आहे आणि काही व्हिडिओ आहेत. ते पुस्तकात नकोत. निळीशाई म्हणताहेत तशी प्रस्तावना फक्त पुस्तकात हवी. स्फिंक्समध्ये "फक्त एचटीएमएलसाठी" अशी अट लावायची सोय दिसतेय. तीच वापरू ना?

समासरेषा

एखाद्या परिच्छेदापुरती वापरा. व्हिडिओच्या जागी पुस्तकात दोन ओळींचं वर्णन आणि छोटा पत्ता, एवढ्याला ती छान आहे. पूर्ण विभाग किंवा अनुक्रमणिकेचा भाग लपवायला वापरू नका. ती अट शेवटी पान तयार होताना लागू होते, तोवर शीर्षकं, लेबलं आणि अनुक्रमणिका वाचून झालेल्या असतात. मग लपवलेल्या विभागाकडे जाणारे संदर्भ लोंबकळत राहतात.

त्यापेक्षा मुळाशी दोन फाइल ठेवा. एक वेबची अनुक्रमणिका, तिच्यात नेहमीच्या प्रश्नांचा विभाग असेल. दुसरी पुस्तकाची, तिच्यात प्रस्तावना असेल. बाकी प्रकरणं दोन्हींत तीच. स्फिंक्सच्या सेटिंगमध्ये लाटेकच्या कागदपत्रांची यादी असते, तिच्यात पुस्तक कुठल्या फाइलपासून सुरू करायचं ते देता येतं. तिथे दुसरी फाइल द्या. दोन्ही अनुक्रमणिकांत असलेल्या प्रकरणांना वेबवर "मागे-पुढे" ही बटणं कुठल्या क्रमानं मिळताहेत ते मात्र एकदा उघडून बघा.